विषाचा माग काढणाऱ्या ॲलिसबाई

शेंदूर पोटात गेला की माणसाचा गळा जातो, ही समजूत आपल्याकडे फार जुनी. नाटकमंडळ्यांच्या काळात एखाद्या गायक नटाचा आवाज एकाएकी बसला, की कुणीतरी विड्यातून शेंदूर घातला अशी कुजबुज हटकून व्हायची. त्यातल्या बऱ्याचशा गोष्टी नाटक सुटल्यावरच्या गप्पाच असणार. पण समजुतीच्या मुळाशी खरे काहीतरी आहे. अस्सल शेंदूर म्हणजे शिसे आणि प्राणवायू यांचे संयुग. वैद्याच्या फडताळातले मुरदाडशिंग आणि दारे-खिडक्या रंगवणाऱ्याच्या डब्यातला जुना सफेदा ही त्याच घरातली भावंडे. शिसे अंगात साठत गेले की पोटात पिळवटून टाकणारी कळ उठते, हिरड्यांच्या कडेला निळसर-काळी रेघ उमटते, मनगटे लुळी पडतात आणि शेवटी मेंदूवरही घाला येतो. वाघदेवाला किंवा मारुतीला वर्षातून एकदा शेंदूर लावणाऱ्याला ही भीती फारशी नाही. रोज बारा तास त्या भुकटीत उभे राहून पोट भरणाऱ्याला मात्र आहे.

मी लोणखेड्याचा. शहाद्याला लागूनचे हे गाव. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी, आणि मधल्या पट्ट्यात कपाशी, ऊस, केळी, पपई. रसायनशास्त्र शिकवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. वर्गात शिशाचा धडा आला की मी पुस्तक बाजूला ठेवून मुलांना एका अमेरिकन डॉक्टरीणबाईंची हकिकत सांगत असे. त्यांचे नाव ॲलिस हॅमिल्टन. कामाच्या जागी माणसाला बाधणारी विषे हा विषय निघाला की त्यांच्या देशात पहिले नाव त्यांचे निघते. १९९५ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांच्या चित्राचे तिकीटही काढले. आपल्याकडे मादाम क्यूरी पाठ्यपुस्तकांतून घरोघर पोहोचल्या, ॲलिसबाई तेवढ्या पोहोचल्या नाहीत. क्यूरीबाईंनी नवे मूलद्रव्य शोधले. या बाई शोधत होत्या ते एवढेच, की अमुक कारखान्यातली माणसे अमुक एका पद्धतीनेच आजारी का पडतात. अशा शोधाला पारितोषिके कमी मिळतात.

त्यांचा जन्म २७ फेब्रुवारी १८६९ चा, न्यूयॉर्कचा. पण बालपण गेले ते इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेन गावी, आजोबांच्या ऐसपैस आवारात, सख्ख्या-चुलत भावंडांच्या गोतावळ्यात. वडिलांचा शाळेवर विश्वास नव्हता, म्हणून मुलींचे शिक्षण घरीच. भाषा आणि वाङ्मय भरपूर, विज्ञान जवळजवळ शून्य. थोरली बहीण एडिथ पुढे ग्रीक संस्कृतीवरच्या पुस्तकांमुळे ॲलिसपेक्षाही अधिक लोकांना माहीत झाली. वडिलांचा घाऊक किराण्याचा व्यापार १८८५ च्या सुमारास बुडाला आणि मुलींना आपापल्या पायांवर उभे राहणे भाग पडले. ॲलिसने डॉक्टरी निवडली. तिचा हिशेब सरळ होता. डॉक्टरला जगाच्या पाठीवर कुठेही जाता येते आणि कुठेही गेले तरी काम मिळते. पदार्थविज्ञान, रसायन यांची अक्षरओळखही नव्हती, ती गावातल्या शिक्षकाकडून करून घेतली आणि १८९३ मध्ये मिशिगन विद्यापीठाची पदवी मिळवली. आपल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या त्या १८८६ मध्ये, म्हणजे ॲलिसबाईंच्या सात वर्षे आधी.

पुढे वर्षभर जर्मनीत, लायप्झिग आणि म्युनिक इथे. तिथल्या विद्यापीठांनी बाईमाणसाला वर्गात बसू दिले ते कुणाच्या डोळ्यांत भरायचे नाही या अटीवर. असल्या अटींची त्यांना पुढे आयुष्यभर सवय करून घ्यावी लागली.

१८९७ साली शिकागोत अध्यापनाची नोकरी मिळाली आणि त्या हल हाउसमध्ये राहायला गेल्या. जेन ॲडम्स आणि त्यांच्या मैत्रिणीने १८८९ मध्ये सुरू केलेले हे घर. दूरदेशाहून पोटासाठी आलेल्या इटालियन, पोलिश, रशियन मजुरांच्या वस्तीत शिकलेल्या माणसांनी बिऱ्हाड थाटायचे, आपले घर शेजाऱ्यांना मोकळे ठेवायचे, अशी ती कल्पना. ॲलिसबाईंनी तिथे बाळांचा दवाखाना चालवला. शनिवारी वस्तीतल्या बायका लेकरे घेऊन यायच्या. दात येईपर्यंत बाळाला दुधाखेरीज काही द्यायचे नाही, असा पुस्तकातला नियम बाई सांगायच्या. एक इटालियन आई ऐकून घेऊन शांतपणे म्हणाली, की तिचे मूल दूध पिऊनही रडायचे, म्हणून तळत असलेल्या अंड्यातला तुकडा तिने त्याला भरवला आणि तेव्हापासून ते छान बाळसे धरू लागले. बाईंनी पुढे कबूल केले, की त्या बायकांना माझ्यापेक्षा जास्त कळत होते. मला वाटते, डॉक्टरीणबाईंची खरी शाळा ती. समोरचा माणूस अडाणी आहे असे धरून चालण्याची खोड तिथे मोडली.

१९०२ मध्ये शिकागोत विषमज्वराची साथ आली आणि हल हाउसच्या भोवतीच माणसे जास्त मरू लागली. बाईंनी उघड्या संडासांवरच्या माश्या गोळा केल्या, त्यांच्यात विषमज्वराचे जंतू सापडतात हे दाखवले, शोधनिबंध छापून आला, नाव झाले. मागाहून कळले, की मुख्य कारण वेगळेच होते. पाणीपुरवठ्याच्या पंपघराजवळ नळ फुटून त्यात तीन दिवस सांडपाणी मिसळत होते, आणि आरोग्य खात्याने ते दडवून ठेवले होते. इतकी वर्षे लोटली तरी व्याख्यानात कुणीतरी त्या माश्यांचे कौतुक करी आणि बाईंना संकोच वाटे. पण या प्रकरणातला एक धागा त्यांच्या हाती कायमचा राहिला. लोक मरतात तेव्हा कारण पुष्कळदा कुणालातरी आधीच ठाऊक असते.

याच सुमारास थॉमस ऑलिव्हर या इंग्रज डॉक्टरचे धोक्याच्या धंद्यांवरचे पुस्तक त्यांच्या वाचनात आले. इंग्लंड-जर्मनीत कारखान्यातल्या विषांवर ग्रंथ होते, निरीक्षक होते, कायदे होते. अमेरिकेत काहीच नव्हते. विचारले तर डॉक्टर मंडळी छातीठोकपणे सांगत, की आमच्या कारखान्यांत असले रोग होत नाहीत. काडेपेट्यांच्या कारखान्यांचे उदाहरण ताजे होते. पांढऱ्या फॉस्फरसच्या वाफेने कामगारांच्या जबड्याचे हाड सडे, चेहरा विद्रूप होई. अमेरिकेत हे नाहीच असे म्हणत होते तोवर जॉन अँड्र्यूज नावाच्या संशोधकाने एकेक रोगी शोधून काढला, आणि १९१२ मध्ये पांढऱ्या फॉस्फरसच्या काडेपेट्यांवर एवढा जबर कर बसला की त्या बनवणेच परवडेना. हिंदुस्थानातही १९१३ मध्ये त्यांच्यावर कायद्याने बंदी आली. आपल्या चुलीपाशी आज निर्धास्त ओढली जाणारी काडी एवढा इतिहास पोटात घेऊन आलेली आहे.

१९१० साली इलिनॉय राज्याने धंद्यातल्या रोगांची पाहणी करायचे ठरवले आणि ते काम ॲलिसबाईंकडे सोपवले. हाताशी वीसेक तरुण डॉक्टर, विद्यार्थी आणि समाजसेवक. वेगवेगळी विषे वाटून घेतली, बाईंनी शिसे घेतले. राज्यात शिसे कुठे कुठे वापरतात याची यादीही कुणाकडे नव्हती. कारखान्यात शिरण्याचा कायदेशीर हक्कही नव्हता. मालकाने दार उघडले तर आत जायचे. मग बाईंनी माग काढायचा आपला असा मार्ग धरला. इस्पितळातल्या नोंदवह्या काढून शिशाची बाधा लिहिलेला प्रत्येक रोगी टिपायचा. वस्तीतल्या औषधविक्रेत्याला विचारायचे, पोटदुखीवर सारखी औषधे नेणारे कोण. कामगार पुढारी, वस्तीतला डॉक्टर, पाद्री, दारूच्या गुत्त्यावरची मंडळी, सगळ्यांशी बोलायचे. आणि मुख्य म्हणजे घरी जायचे. फोरमनसमोर उभा असताना कामगार तोंड उघडत नाही. स्वयंपाकघरात, बायकोसमोर, आजारी पडून खाटेवर असताना उघडतो.

सफेदा करणारे, शेंदूर भाजणारे, विजेच्या बॅटऱ्या बनवणारे हे तर होतेच. पण पेट्यांवरचा चकचकीत कागद, काचेच्या भांड्यांवरची नक्षी, शवपेट्यांची सजावट, सिगारांभोवती गुंडाळायचा वर्ख असल्या बिनबोभाट धंद्यांतही शिसे सापडले. शेवटी शिसे वापरणाऱ्या ७७ प्रक्रियांची यादी झाली, आणि शिशाच्या बाधेचे ५७८ रोगी नावानिशी, कारखान्यानिशी उभे राहिले. आमच्याकडे असले काही नाही म्हणणाऱ्यांना आकड्यांपुढे गप्प बसावे लागले. १९११ मध्ये इलिनॉयने कायदा केला. विषारी काम असेल तिथे मालकाने संरक्षणाची व्यवस्था करायची, दरमहा डॉक्टरी तपासणी करायची, आजारी पडलेल्याची वर्दी सरकारला द्यायची.

त्या काळातला एक प्रसंग मुलांना फार आवडे. नॅशनल लेड कंपनी ही सफेद्याची बडी कंपनी. तिचे एक मोठे अधिकारी एडवर्ड कॉर्निश. बाईंनी त्यांना तोंडावर सांगितले, की तुमच्या शिकागोच्या कारखान्यात माणसांना विषबाधा होते आहे. साहेब दुखावले. त्यांनी जवळच्याच एका मजुराला हाक मारून विचारले, इथे काम करून तुला काही त्रास होतो का. तो बिचारा घाबरून नाही म्हणाला. साहेबांना वाटले, मुद्दा संपला. पण माणूस सरळ होता. पुरावा आणलात तर सांगाल ते करीन, असे त्यांनी कबूल केले. बाई परत आल्या त्या बावीस जणांची यादी घेऊन. त्याच कंपनीत काम करताना शिसे बाधून इस्पितळात पडावे लागले असे बावीस. कॉर्निश यांनी शब्द पाळला. धूळ आणि वाफ ओढून घेणारी यंत्रे बसवली, डॉक्टर नेमले. अमेरिकेत त्या वेळी अशा व्यवस्थेचा नमुनाच नव्हता, त्यामुळे कित्येक गोष्टी त्यांच्या अभियंत्यांना स्वतः शोधून काढाव्या लागल्या. बाईंनी पुढे आयुष्यभर त्यांचे नाव आदराने घेतले. मालकवर्गाला सरसकट दुष्ट ठरवणे त्यांच्या स्वभावात नव्हते. बऱ्याच मालकांना आपल्याच छपराखाली काय चालते हे ठाऊक नसते, असे त्यांचे मत. मला ते जरा भाबडे वाटते. पण त्याच मताच्या जोरावर त्यांच्यासाठी दारे उघडत गेली हेही खरे.

या सगळ्यात शास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट कोणती, तर धूळ. मालक आणि त्यांचे डॉक्टर सांगत, की कामगार घाणेरडे असतात, हात न धुता भाकरी खातात, दारू पितात, म्हणून त्यांना शिसे बाधते. आम्ही साबण ठेवला आहे, ते वापरत नाहीत, त्याला आम्ही काय करणार. ॲलिसबाईंनी दाखवले, की मुख्य वाट तोंडाची नाही, श्वासाची आहे. हात चकचकीत धुणारा, दारूला न शिवणारा माणूसही दिवसभर शिशाची धूळ हुंगत राहिला तर आजारी पडणारच. तेव्हा उपाय मजुराच्या नखांत शोधायचा नाही, कारखान्याच्या हवेत शोधायचा. कोरडी भुकटी ओली करून हाताळा. पिंपावर झाकण ठेवा. धूळ उडते तिथेच ती ओढून नेणारा पंखा लावा. शिशावाचून काम भागत असेल तर शिसे काढूनच टाका. साबण, जेवणाची वेगळी जागा, कामाचे वेगळे कपडे हे सगळे हवेच, पण ते त्यानंतर.

ही हकिकत लोणखेड्यात बसून सांगताना माझे लक्ष खिडकीबाहेर जाते ते उगीच नाही. आमच्या मुलखात कीटकनाशकाला औषध म्हणतात. दुकानातून औषध आणायचे, पिकावर औषध मारायचे. शब्दच असा की भीती निम्मी होते. पाठीवरचा पंप घेऊन कपाशीत किंवा पपईत शिरणारा माणूस बहुधा सालदार असतो किंवा पाड्यावरून आलेला रोजंदार. तोंडाला रुमाल, पायात चपला. यातली कित्येक औषधे ऑर्गनोफॉस्फेट जातीची. ती मज्जातंतूंकडून स्नायूंकडे जाणारा निरोप थांबू देत नाहीत, म्हणून घाम आणि लाळ सुटते, डोळ्यांची बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी होते, अंगाचे स्नायू फडफडतात आणि अखेर श्वास अडकतो. ती नाकातोंडातून जातात तशीच कातडीतूनही जातात. गळक्या पंपाने पाठ भिजली की विष घामाबरोबर आत शिरते. रुमाल फवाऱ्याने ओला झाला की तो विष नाकाशी धरून ठेवतो.

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात काय झाले ते वाचकांना आठवत असेल. फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जणांना दवाखान्यात दाखल करावे लागले. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती, म्हणजे फवारा खाली न पडता चेहऱ्यावर येत होता. आणि त्या वेळी जी चर्चा झाली ती ऐकून मला १९१० चे शिकागो आठवले. मजुरांनी मास्क लावला नाही, हातमोजे घातले नाहीत, वाऱ्याच्या विरुद्ध फवारले, दोन औषधे मनाने एकत्र केली. यातले काही खोटे नव्हते. पण भादव्याच्या उकाड्यात रबरी पोशाख चढवून एकरभर कपाशी फवारून दाखवा, मग बोलू. डब्यावर लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल. तो त्रिकोण काय सांगतो हे पंप उचलणाऱ्याला कुणी सांगितलेले असते का? डब्यावरची माहिती चिमुकल्या अक्षरांत, आणि वाचणारा निरक्षर. १९७१ च्या कीटकनाशक नियमांत फवारणी करणाऱ्याची डॉक्टरी तपासणी आहे, संरक्षक कपडे आहेत, प्रथमोपचार आहेत. सगळे लिहिलेले आहे. आमच्या शेतमजुराची अशी तपासणी झालेली मी आजवर पाहिलेली नाही.

मी शिकवलेली काही मुले पुढे कृषी सेवा केंद्रे चालवू लागली, काही स्वतः शेती करतात. त्यांना मी बाईंच्याच क्रमाने सांगतो. आधी बघा, फवारणी लागते का. लागत असेल तर लाल त्रिकोणावाचून भागते का. पंप गळतो तो दुरुस्त करा किंवा टाकून द्या. औषध हाताने ढवळू नका, लांब काठी ठेवा. सकाळी, वारा पडलेला असताना, वाऱ्याकडे पाठ करून फवारा. डोक्यावर गेलेल्या पिकात माणूस घालू नका. शेतात पाणी आणि साबण ठेवा, आणि अंग ओले झाले तर काम थांबवून तिथेच धुवायला लावा. पोशाख, हातमोजे, मास्क यांचे बोलणे शेवटी. ऐकणारे ऐकतात. काही जण मात्र टाकीमागे मजुरी ठरवतात, मग जो लवकर टाकी संपवील त्याला जास्त पैसे, आणि वाऱ्याची वाट कोण बघतो.

इलिनॉयची पाहणी संपल्यावर १९११ पासून बाई केंद्र सरकारच्या खास तपासनीस झाल्या. पगार नाही. अहवाल तयार झाला की सरकार तो विकत घेणार. देशभर हिंडायचे, दार उघडेल तिथे शिरायचे. बाई असल्याचा इथे उपयोगच झाला, असे त्या सांगत. मजुरांच्या तब्येतीची काळजी हा बायकी कनवाळूपणा आहे असे समजून मालक फारसे सावध राहत नसत. तरी फसवणूक व्हायचीच. बाथटबवर चकचकीत मुलामा चढवणाऱ्या एका कारखान्यात त्यांना सगळे स्वच्छ, निर्धोक दिसले. मग त्याच कारखान्यातला शिसे बाधलेला एक पोलिश कामगार घरी भेटला. त्याने सांगितले, की तुम्हाला दाखवली ती शेवटचा हात फिरवण्याची जागा. खरे काम दुसऱ्या इमारतीत चालते. तिथे भट्टीतून काढलेल्या लालबुंद लोखंडी टबावर लांब दांड्याच्या चाळणीने शिशाची काचभुकटी भुरभुरायची, आणि भुकटीचा ढग थेट छातीत जायचा. बाई परत गेल्या आणि ती दुसरी इमारत पाहून आल्या.

पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याचे कारखाने रातोरात उभे राहिले. ते कुठे आहेत हे गुप्त, पण विष गुप्त राहत नाही. आकाशात नारिंगी-पिवळा धूर दिसला की बाई तिकडे वळत. रस्त्यात हात, चेहरा, केस पिवळे झालेली माणसे भेटली की कारखाना जवळ आला असे समजत. पिक्रिक ॲसिडने रंगलेल्या त्या माणसांना लोक थट्टेने कॅनरी पक्षी म्हणत. युद्धाला बाईंचा विरोध होता. १९१५ मध्ये जेन ॲडम्स यांच्याबरोबर त्या हेगच्या स्त्रियांच्या शांतता परिषदेला जाऊन आल्या होत्या. तरी दारूगोळा करणारा मजूर हा मजूरच, म्हणून त्यांनी हे काम मनापासून केले.

१९१९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाला औद्योगिक आरोग्याचा विषय सुरू करायचा होता आणि त्या विषयात त्यांच्या तोडीचा दुसरा माणूस देशात नव्हता. अशा रीतीने हार्वर्डच्या अध्यापकवर्गात पहिली बाई आली. पण तीन अटींवर. अध्यापकांच्या क्लबात यायचे नाही. फुटबॉल सामन्याची तिकिटे मागायची नाहीत. पदवीदानाच्या मिरवणुकीत चालायचे नाही. बाईंनी हसून मान्य केले आणि आपल्याकडून एक अट घातली. वर्षातले सहा महिनेच शिकवीन, उरलेले माझ्या कामाला. १९३५ मध्ये निवृत्त झाल्या तेव्हाही त्या सहायक प्राध्यापकच होत्या. सोळा वर्षांत एक पायरीही वर नाही. हार्वर्डच्या वैद्यकीय शाळेत मुलींना प्रवेश मिळाला तो १९४५ मध्ये. म्हणजे शिकवायला बाई चालली, शिकायला चालेना.

स्त्रियांच्या प्रश्नावर त्यांची भूमिका आजच्या वाचकाला कोड्यात टाकील. स्त्री-पुरुष समान हक्कांच्या घटनादुरुस्तीला त्यांनी कितीतरी वर्षे विरोध केला. कारखान्यातल्या बायकांना मोठ्या कष्टाने मिळालेले खास संरक्षण समानतेच्या नावाखाली जाईल, ही त्यांची धास्ती होती. शिशाने गर्भपात होतात हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. १९५२ मध्ये मात्र त्यांनी मत बदलले आणि तसे जाहीरपणे सांगितले. तेव्हा त्या त्र्याऐंशी वर्षांच्या होत्या.

एक मोठी लढाई त्या हरल्या. मोटारीचे इंजिन ठोके देऊ नये म्हणून पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड हे शिशाचे द्रवरूप संयुग मिसळायची युक्ती अमेरिकेत १९२० च्या दशकात निघाली. १९२४ च्या ऑक्टोबरात न्यू जर्सीतल्या बेवे इथे ते बनवणाऱ्या कामगारांना वेडाचे झटके आले आणि पाच जण मरण पावले. दुसऱ्या एका कारखान्यातले कामगार हवेत नसलेली फुलपाखरे पकडू लागले होते. त्या इमारतीला नावच फुलपाखरांचे घर असे पडले. २० मे १९२५ रोजी वॉशिंग्टनमध्ये सरकारने परिषद बोलावली. बाईंचे म्हणणे असे, की हा धोका कारखान्यापुरता नाही. हे शिसे प्रत्येक गाडीच्या नळीतून रस्त्यावर सांडणार, धूळ होऊन साठणार. शिसे वापरून ते निर्धोक ठेवता येईल अशी आशा धरू नका, दुसरा पदार्थ शोधा. सरकारने समिती नेमली. समितीने काही महिन्यांत थोड्या लोकांची तपासणी करून १९२६ मध्ये सांगितले, की बंदी घालण्याजोगे कारण दिसत नाही. विक्री पुन्हा सुरू झाली, आणि ते पेट्रोल जगभर गेले. आपल्याकडेही आले.

निवृत्तीनंतर त्या कनेटिकटमधल्या हॅडलाइम गावी, नदीकाठच्या घरी बहिणीसोबत राहिल्या. काम सुटले नाही. कृत्रिम रेशमाच्या गिरण्यांत कार्बन डायसल्फाइडने कामगारांना वेड लागते, पाय लुळे पडतात, याची मोठी पाहणी त्यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस पेनसिल्व्हेनियात करवली. तेव्हा त्या सत्तरीला आल्या होत्या. १९४३ मध्ये आत्मचरित्र लिहिले. व्हिएतनामच्या युद्धाविरुद्ध सही केली तेव्हा नव्वदी उलटली होती. सरकारच्या गुप्तहेर खात्याने त्यांच्या नावाची फाइलही ठेवली होती.

२२ सप्टेंबर १९७० रोजी, वयाच्या एकशे एकाव्या वर्षी त्या गेल्या. तीनच महिन्यांनी, २९ डिसेंबर १९७० ला, अमेरिकेत कामगारांच्या सुरक्षिततेचा आणि आरोग्याचा पहिला देशव्यापी कायदा झाला. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्यात धंद्यातल्या रोगांची जी अनुसूची होती तिच्यात पहिले नाव शिशाच्या बाधेचेच होते. भोपाळच्या १९८४ च्या वायुकांडानंतर १९८७ मध्ये त्याच कायद्यात घातक प्रक्रियांचे नवे प्रकरण जोडले गेले. मालकाने धोक्याची माहिती कामगाराला द्यायची, आणि धोका दिसला तर तो बोलून दाखवण्याचा कामगाराला हक्क. पण तो कायदा कारखान्याच्या भिंतीपर्यंतचा. कपाशीच्या शेताला भिंत नसते.

शिशाच्या पेट्रोलचा निकाल लागायला मात्र फार वेळ लागला. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांसाठी ते १९९६ मध्ये संपूर्ण बंद झाले, भारतात २००० मध्ये. अगदी शेवटी ते अल्जीरियात विकले जात होते. तिथली विक्री २०२१ च्या जुलैत थांबली. वॉशिंग्टनच्या त्या परिषदेला तोवर शहाण्णव वर्षे झाली होती.